क्रूझवरचं जेवण: मोठा हॉल की बुफे?



गेल्या काही वर्षांत आपल्या समाजात क्रूझला जाणाऱ्यांची संख्या बरीच वाढली आहे. २०२१ मध्ये मुंबईहून कॉर्डेलियाचं जहाज सुरू झालं, त्यावर जैन जेवण मिळतं हे कळलं, आणि लग्नाचा पंचविसावा वाढदिवस असो की मुलांच्या परीक्षा संपलेल्या असोत, मंडळी जहाजावर चढू लागली. मुलं परदेशात असलेले आईवडील सिंगापूरहून, अमेरिकेहून जाऊन येतात. बस्तीत दर्शनाला गेलं की कुणीतरी बाजूला घेऊन विचारतंच, "जेवणाचं काय केलंत हो?"

म्हणून आज त्याच विषयावर लिहिते. जहाजावर जेवायच्या मुख्य जागा दोन. एक म्हणजे मोठा डायनिंग हॉल. पांढरे टेबलक्लॉथ, घडी घातलेले नॅपकिन, छापील मेनूकार्ड, वाढायला वेटर. दुसरी म्हणजे बुफे. तो बहुधा वरच्या मजल्यावर असतो, सकाळपासून रात्रीपर्यंत चालू असतो. ताट घ्या, हवं ते वाढून घ्या, खिडकीशी बसा. हॉलमध्ये जुन्या पद्धतीनं दोन पंगती असतात, कारण सगळे प्रवासी एकाच वेळी तिथे मावत नाहीत. पहिली पंगत साधारण साडेपाच-सहाला, दुसरी आठ-साडेआठला. टेबल ठरलेलं, वेटर ठरलेला. नॉर्वेजियन कंपनीनं २००० साली 'फ्रीस्टाइल' नावाखाली ही ठरावीक वेळेची अट काढली, आणि मग इतरांनीही 'हव्या त्या वेळी या' असा पर्याय द्यायला सुरुवात केली. त्यामुळे आता तिकीट काढतानाच विचारतात: पहिली पंगत, दुसरी पंगत, की मोकळी वेळ? शिवाय आठवड्याच्या सफरीत एक-दोन रात्री 'फॉर्मल नाइट' असते. त्या दिवशी हॉलमध्ये सूट, गाऊन, साड्या. बुफेमध्ये मात्र साधे कपडे चालतात.

आमच्याकडे हा प्रश्न मागच्या जूनमध्ये आला. धाकटे दीर सिएटलला असतात. त्यांनी सात रात्रींची अलास्काची सफर ठरवली. आम्ही दोघं, दीर-जाऊ, त्यांचा पंधरा वर्षांचा मुलगा आणि सत्त्याहत्तर वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंचा रात्रीभोजनत्याग चाळीस वर्षांहून जुना. सूर्यास्ताच्या दोन घटका आधी, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं आधी, त्यांचं पाणीसुद्धा बंद होतं. कंदमूळ नाही. अष्टमी-चतुर्दशीला एकाशन आणि हिरवी भाजी वर्ज्य.

जाऊबाईंचं मत बुफेच्या बाजूनं होतं. "वहिनी, तिथे कुणाची वाट बघायला नको, कपड्यांचा थाट नको. आईंना हवं तेव्हा हवं ते घेता येईल." भाऊजींनाही ते पटत होतं, कारण किनाऱ्यावरच्या सहली संध्याकाळपर्यंत चालतात. सासूबाई म्हणाल्या, "माझ्यासाठी काही ठरवू नका. मी खोलीत खाकरा आणि दूध घेईन. तुम्ही मोकळेपणानं जेवा."

मैत्रिणींनो, हे वाक्य तुमच्याही घरात ऐकलं असेल. बोलणाऱ्याच्या मनात राग नसतो, रुसवा नसतो. आपल्या नियमाचा भार दुसऱ्यावर पडू नये, एवढंच असतं. पण या एका वाक्यानं घरातलं वडीलधारं माणूस पंगतीतून उठतं आणि ते उठलंय हे कुणाच्या लक्षातही येत नाही. बुफेमध्ये तर ते फारच सोपं आहे. मुलगा पाचला पिझ्झा खातो, भाऊजी आठला जेवतात, जाऊबाई मैत्रिणीबरोबर कॉफीवर भागवतात, आणि सासूबाई सहा वाजता खोलीत एकट्या. सहा माणसं हजारो मैलांवरून एकत्र येऊन सात रात्री अशीच जेवली असती. म्हणून मी हट्टानं सांगितलं, रात्रीचं जेवण हॉलमध्ये, पहिल्या पंगतीला, सगळ्यांनी.

आता माझा हट्ट फक्त भावनेचा नव्हता. आपल्या नियमांच्या दृष्टीनंही दोन्ही जागांचा हिशेब मांडून पाहिला होता.

बुफे आपल्याला सोयीचा वाटतो, कारण पदार्थ डोळ्यांसमोर असतात. पण डोळ्यांना कांदा दिसतो, सूपचा पाया कशात उकळला ते दिसत नाही. 'व्हेजिटेरियन' पाटीचा तिकडचा अर्थ मांस-मासे नाहीत एवढाच. अंडं चालतं, कांदा-लसूण चालतो, बटाटा-गाजर तर असतंच. पुडिंगमध्ये जिलेटिन असू शकतं, चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असू शकतं. काउंटरवर एका भांड्यातला चमचा पुढच्या भांड्यात जातो, कारण वाढणारे शेकडो हात असतात. पहिल्याच दिवशी दुपारी भाजीच्या सूपची पाटी होती. विचारल्यावर कळलं, कांदा आणि लीक दोन्ही आहेत. विचारायलाही दोन माणसं शोधावी लागली, कारण काउंटरमागे उभा असणारा मुलगा वाढायला असतो, रांधायला नाही.

हॉलमध्ये उलट होतं. टेबल ठरलेलं म्हणजे वेटर ठरलेला. आपण काय खात नाही हे एकदा नीट सांगितलं की सात दिवस पुन्हा सांगावं लागत नाही. आणि मुख्य सोय अशी की खाण्याचे नियम असणाऱ्यांना हेड वेटर आदल्या रात्री उद्याचा मेनू आणून दाखवतो. आपण निवडायचं, आणि आपलं जेवण वेगळं तयार होतं. बहुतेक मोठ्या जहाजांवर भारतीय स्वयंपाकी असतात. मेनूकार्डावर डाळ-भात नसला तरी सांगितल्यावर मिळतो. त्यासाठी तिकीट काढल्यावर काही आठवडे आधी कंपनीला लेखी कळवलेलं बरं. आम्ही इंग्रजीत एक यादी करून नेली होती: मांस, मासे, अंडं, कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, बीट, ओलं आलं, मशरूम, मध, जिलेटिन नको. नुसतं 'जैन' लिहून थांबू नका. तिकडच्या स्वयंपाकघरात हा शब्द सगळ्यांना माहीत असेलच असं नाही.

दुसऱ्या दिवशी भारतीय विभागाचा स्वयंपाकी स्वतः टेबलाशी आला. गोव्याचा निघाला. कोकणीच्या हेलात मराठी बोलायचा. त्याला एक कोडं पडलं होतं. "आजी, आलं नको म्हणता, मग हळद कशी चालते? तीपण जमिनीतलीच ना?" सासूबाईंनी त्याला समजावलं की ओला कंद जिवंत असतो, त्यात अनंत जीव मानलेले आहेत, वाळलेली हळद आणि सुंठ कोरडी असते, म्हणून चालते. तो म्हणाला, "म्हणजे सुंठ घालू?" त्या रात्री मुगाच्या वरणाला सुंठीचा वास होता. बुफेच्या काउंटरवर हे बोलणं झालं नसतं.

आता सूर्याचं गणित. हे नीट लक्षात ठेवा, कारण निवड याच्यावरच ठरते. जूनमध्ये अलास्काच्या जूनो गावात सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. केचिकनला साडेनऊच्या आसपास. म्हणजे दोन घटका वजा केल्या तरी साडेआठ-नऊपर्यंत दिवस आहे. भाऊजी लगेच म्हणाले, "मग दुसरी पंगत घेऊ या की! आईंचा नियमही मोडत नाही." हिशेबानं ते बरोबर होतं. सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "नियम सूर्याचा आहे, तो मोडणार नाही, खरं आहे. पण जेवल्यावर सामायिक, जप, मग झोप. साडेआठला बसून दहाला उठलं की ते सगळं कुठे बसवू? ऊन आहे म्हणून खात राहायचं, असा काही नियम नाही." पहिली पंगत पक्की झाली.

पण हेच गणित हिवाळ्यात मुंबईहून निघणाऱ्या जहाजावर उलटतं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. दोन घटका वजा करा, सव्वापाच होतात. तेव्हा सहाची पंगतसुद्धा आपल्या उपयोगाची नाही. अशा वेळी साडेचारला बुफेमध्ये जे मिळेल ते, किंवा आधी सांगून ठेवलेलं जेवण, हाच मार्ग. अलास्कालाही सप्टेंबरच्या मध्यावर सूर्य सातच्या आसपास मावळतो, तेव्हा पहिल्या पंगतीतही घाईच होते. म्हणून 'हॉल चांगला' किंवा 'बुफे चांगला' असं सरसकट कुणी सांगितलं तर ऐकू नका. आधी जायचा महिना बघा, त्या बंदराचा सूर्यास्त बघा, मग पंगत निवडा. आणि जहाजाचं घड्याळ बघा. सिएटलहून अलास्काला जाताना वेळ एक तास मागे जाते, मोबाइल कधी कुठल्या टॉवरची वेळ दाखवेल याचा भरवसा नसतो.

हॉलबद्दल आपल्या बायकांच्या मनात दोन अडचणी असतात, त्याही लिहिते.

पहिली, शेजारच्या टेबलावरचं ताट. फॉर्मल नाइटला लॉबस्टर ठेवायची पद्धत बऱ्याच जहाजांवर आहे. वास येतो, दिसतंही. मला त्याचा त्रास होतो आणि तो होऊ नये असंही मला वाटत नाही. पण बुफेमध्ये हे टळतं असं समजू नका. तिथे तर फळांच्या काउंटरशेजारीच मांस कापून देत असतात, आणि आपण ताट घेऊन त्यांच्याच रांगेत उभ्या. हॉलमध्ये निदान जागा मागून घेता येते. आम्ही फक्त आमच्या सहा जणांचं टेबल मागितलं, अनोळखी लोकांबरोबरचं नको म्हटलं, आणि भिंतीकडचा कोपरा मिळाला. सासूबाई भिंतीकडे पाठ न करता तोंड करून बसल्या. म्हणाल्या, "रेल्वेतही शेजारी कोण काय खातं ते आपल्या हातात नसतं. आपलं ताट आपल्या हातात असतं."

दुसरी अडचण कपड्यांची. फॉर्मल म्हटलं की आपल्याकडे हात पैठणीकडे जातो. पण रेशमासाठी कोश उकळतात, म्हणून आमच्या घरात सासूबाईंनी कित्येक वर्षांपूर्वी रेशीम सोडलं, मीही लग्नानंतर काही वर्षांनी सोडलं. जाऊबाईंना वाटत होतं की सुती साडीत आपण कमी दिसू. तर सांगते, जहाजाच्या नियमात कापड कुठलं हे कुठेही लिहिलेलं नसतं. साडी हा पूर्ण पोशाख मानतात. चांगली इस्त्री केलेली, काठापदराची सुती साडी कुठल्याही गाऊनशेजारी शोभते. पुरुषांच्या बाबतीत बूट आणि पट्टा बघून घ्या. चामड्याचे नसलेले काळे बूट आता सहज मिळतात. आणि काटे-चमचे? सासूबाई हातानं जेवल्या. वेटरनं पहिल्या रात्रीनंतर न सांगता त्यांच्यापुढे कोमट पाण्याची वाटी ठेवायला सुरुवात केली.

तरीही बुफे टाकाऊ नाही. सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण आम्ही तिथेच घेतलं. न कापलेली फळं, दही, दूध, ब्रेडऐवजी साधा ओट्स, काकडी-टोमॅटो. गरम पाण्याचा नळ तिथेच असतो. बहुतेक जहाजांवर खोलीत किटली चालवू देत नाहीत, त्यामुळे सासूबाईंचं पाणी मी रोज सकाळी तिथून थर्मासमध्ये भरून, घरच्या गाळण्यानं गाळून घेत होते. घरी केलेले पदार्थ बहुतेक कंपन्या आत नेऊ देत नाहीत, पण कंपनीचं सील असलेली पाकिटं चालतात. खाकरा, मेतकूट, राजगिऱ्याचे लाडू, लसूण नसलेली शेंगदाण्याची चटणी, एवढं पुरलं.

बुफेची एक गोष्ट मात्र मनाला लागते. तिथे डोळे पोटापेक्षा मोठे होतात. तीन ताटं भरून घ्यायची आणि दोन टाकायची, हे रोज बघायला मिळतं. तत्त्वार्थसूत्रात बाह्य तपांमध्ये अनशनानंतर लगेच अवमौदर्य सांगितलं आहे. भुकेपेक्षा चार घास कमी. उपवास एक वेळ जमतो, पण भरलेल्या बुफेसमोर चार घास कमी खाणं मला जास्त कठीण वाटलं. आणि टाकलेल्या अन्नाचं काय होतं? आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे बारीक दळलेलं खरकटं किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपलीकडे समुद्रात सोडता येतं, काही भागांत बारा मैलांपलीकडे. गरज नसताना रांधलेलं, गरज नसताना घेतलेलं, आणि शेवटी पाण्यातल्या जीवांमध्ये सोडलेलं. अनर्थदंड म्हणजे काय हे मुलांना शिकवायला याहून सोपं उदाहरण मला सापडलं नाही. पुतण्याला एवढंच सांगितलं की दुसऱ्यांदा उठायला कुणी अडवत नाही, म्हणून पहिल्यांदा थोडंच घे. हॉलमध्ये ताटली मोजकीच येते, तिथे हे सांगावं लागत नाही.

आता फॉर्मल नाइटबद्दल. योगायोगानं त्या दिवशी चतुर्दशी आली. सासूबाईंनी दुपारी एकदाच बसून एकाशन केलं. संध्याकाळी आम्ही तयार होत असताना त्या म्हणाल्या, "मी आज काय करू तिथे येऊन? तुम्ही जा." पुन्हा तेच. या वेळी मी काही बोलायच्या आत पुतण्या म्हणाला, "आजी, तू नुसती बस ना. खुर्ची तुझीच आहे."

त्या आल्या. पांढरी सुती साडी, निळा काठ. वेटरनं नेहमीप्रमाणे ताट मांडलं, मेनू दिला. त्यांनी मान हलवली. तो घाबरला, त्याला वाटलं तब्येत बरी नाही किंवा कालच्या जेवणात काही चुकलं. हेड वेटरला बोलवायला निघाला. तेव्हा पुतण्यानं त्याला थांबवलं आणि इंग्रजीत सांगितलं की आज आजीचा व्रताचा दिवस आहे, ती दिवसातून एकदाच जेवते, आणि ती आमच्याबरोबर बसायला आली आहे. वेटरनं विचारलं, ताट उचलू का? सासूबाई म्हणाल्या, "राहू दे."

शाळेच्या डब्यात काय आहे हे कुणी विचारलं तर हा मुलगा विषय बदलतो, हे मला जाऊबाईंनी पूर्वी सांगितलं होतं. त्या रात्री कडेच्या टेबलावरच्या एका बाईंनी त्याला आणखी विचारलं, तर त्यानं सूर्यास्ताचंही सांगितलं, कंदमुळांचंही सांगितलं. काही गोष्टी अर्धवट सांगितल्या, एक-दोन सासूबाईंना विचारून सांगितल्या. चाळीस मिनिटं त्या पुढे रिकामं ताट ठेवून बसल्या होत्या, त्याच्याशी बोलत होत्या, आणि मधूनमधून बाहेरच्या बर्फाच्या डोंगरांकडे बघत होत्या. ऊन तेव्हाही चांगलंच होतं.

म्हणून मैत्रिणींनो, तिकीट काढताना तो रकाना समोर आला की तीन गोष्टी विचारा. त्या महिन्यात तिथे सूर्य कधी मावळतो? आपलं 'नाही' एकदाच सांगून भागेल अशी जागा कुठली? आणि आपण निवडलेल्या पद्धतीत घरातलं कोण एकटं जेवणार आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं फोनवर मिळतात. तिसऱ्याचं उत्तर घरातच विचारावं लागतं, आणि विचारल्यावर "माझ्यासाठी काही ठरवू नका" असंच ऐकू येणार, हे धरून चाला. मग त्यांना धरूनच ठरवा.